पंगतीला आलेले मासे

कडजाईच्या घाटावर माशांना कुरमुरे घालायची रीत पूर्वापार. जत्रेच्या सकाळी मत्स्य खात्याचे भालेकर साहेब आले, त्यांनी मूठभर कुरमुरे टाकले आणि दुर्मिळ म्हणवणाऱ्या महसीर माशांची झुंबड उडाली. "नदी माशांनी भरलीये. जाळ्यांवरची बंदी उठवू," साहेबांनी तिथेच ठरवून टाकलं.

माशांचा अभ्यास करणारी शर्वरी खोपकर तेव्हा घाटावरच होती. दुपारी प्रसादाच्या पंगतीत साहेब ताकभातावर आले, तेव्हा तिने मोठ्याने विचारलं, "इथे कोणी उपाशी आहे का?"

उत्तरादाखल दोन-चार ढेकर आले.

"मग साहेब, तालुक्यात कोणी उपाशी नाही असं कळवू. रेशन बंद करायला हरकत नाही."

"अहो बाई, पंगतीत विचारून कसं कळेल? गावोगाव फिरायला नको?"

"घाटावरचे मासेही पंगतीलाच आले होते, साहेब."

साहेबांनी हातातला घास पानात ठेवला. मग हळूच म्हणाले, "मोजायचे कुठे मग?"

"नदीतल्या सगळ्या डोहांच्या नावाने चिठ्ठ्या टाकू. निघतील त्या डोहांत दरवर्षी मोजू. तोवर बंदी राहू दे."

"पहिली चिठ्ठी मी काढणार," साहेब म्हणाले, आणि उठताना खिशातली कुरमुऱ्यांची पुडी पानाशेजारीच ठेवून गेले.