केतकीचा पाय

फार पूर्वी मद्र देशात शाकल नावाच्या नगरात जयकेतू राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या पागेवरचा अश्वशिक्षक होऊन जन्मला होता. त्याचे नाव सुदांत.

सुदांताचे घराणे घोड्यांचे. बाप सिंधू नदीपलीकडून शिंगरे आणी आणि मुलगा त्यांना माणसाळवी. दोर लावण्याआधी सुदांत नुसता त्यांच्यापाशी बसून राही. शिंगरू स्वतः पुढे येऊन त्याचा खांदा हुंगेपर्यंत तो हात उचलत नसे. लोक हसत. म्हणत, "हा घोडे शिकवतो की घोडे राखतो?" पण पुढे त्याच घोड्यांनी शरद-उत्सवाच्या शर्यती जिंकायला सुरुवात केली, आणि हसणारे आपलीच शिंगरे घेऊन त्याच्या दारी उभे राहू लागले. राजाने त्याला बोलावून सगळी पागा त्याच्या हवाली केली. त्यानंतर कित्येक वर्षे शाकलच्या घोड्यांना हरवणारा घोडा कोणी पाहिला नाही.

त्या सगळ्यांत सरस होती केतकी नावाची फिकट पिवळी घोडी. तिच्यावर सुदांताचा शिष्य कलिंद बसत असे. त्याला टाच मारावी लागत नसे. तो पुढे झुकला की तिला कळे.

शाकल आणि शेजारचे राज्य यांच्या मधोमध, नदीकाठी एक विस्तीर्ण कुरण होते. शाकलच्या गोपाळांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत. शेजारचा राजा वज्रबाहू मोठा तापट. एके वर्षी तो म्हणाला, "कुरण माझे." युद्ध पेटायचे, पण दोन्हीकडच्या वृद्धांनी मध्ये पडून ठरवले, की शरद-उत्सवात दोन्ही राज्यांचा एकेक घोडा धावेल, ज्याचा जिंकेल, कुरण त्याचे. शाकलमध्ये कोणाला चिंताच वाटली नाही. केतकी होती ना!

शर्यतीच्या दिवशी पहाटे सुदांत खरारा करीत असता त्याचा हात तिच्या पुढच्या डाव्या पायावर थांबला. खुराच्या वर, आतल्या बाजूला, शीर तापली होती. सूज नव्हती. घोडी लंगडतही नव्हती. त्याने दाबले तेव्हा तिने पाय मागे घेतला नाही, फक्त कान मागे केले.

कलिंदानेही हात लावून पाहिला. त्याचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "आचार्य, वैद्याकडे लेप आहे. पाय बधिर होतो. तिला कळणारसुद्धा नाही."

"तिला कळणार नाही, म्हणूनच तो पाय मोडेल," सुदांत म्हणाला, आणि तसाच राजाकडे गेला.

जयकेतूने सगळे ऐकून घेतले. तो दुष्ट राजा नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे गोपाळांच्या वस्त्या होत्या. तो म्हणाला, "सुदांता, हजारो गुरांचा चारा एकीकडे आणि एका घोडीचा पाय एकीकडे. तूच तोल. आज ती धावू शकणार नाही का?"

सुदांताला खोटे बोलता आले असते. नाही म्हटले असते तर तिथेच विषय मिटला असता. पण तो म्हणाला, "धावेल, महाराज. कलिंद पुढे झुकला, की पाय तुटेपर्यंत धावेल. कदाचित जिंकेलही. तिला नाही म्हणता येत नाही, म्हणून तिच्या वतीने मी नाही म्हणतो आहे."

"मग कुरण?"

"दुसरा घोडा चांगला आहे. त्याला उतरवू. तो हरला तर दोष माझा."

राजा म्हणाला, "घोडी तुझ्या हातची. तुझ्या शब्दाबाहेर मी तिला धाववणार नाही. पण आज हरलो, तर पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

दुसरा घोडा जीव तोडून धावला आणि मानेभर अंतराने हरला.

संध्याकाळी गोपाळ सुदांताच्या अंगणात जमले. कोणी शिव्या दिल्या नाहीत. एक म्हातारी मात्र पुढे येऊन म्हणाली, "बाबा, माझ्या गाईलाही पाय आहेत रे." सगळे गेल्यावर सुदांत ओसरीवरच बसून राहिला.

त्याची बायको रेवा शेजारी येऊन बसली. "पस्तावलात का?" तिने विचारले.

"नाही. पण म्हातारीचेही खोटे नाही."

"मग तिचेही बघा काहीतरी."

सकाळ होताच तो नदीकाठी वज्रबाहूच्या छावणीत गेला. त्याला पाहून वज्रबाहू खदाखदा हसला. "ये, ये! घोडी झाकून ठेवणारा आचार्य! राजाने हाकलले वाटते?"

"हो. म्हणून चाकरी मागायला आलो आहे."

हसू थांबले. या माणसाला आपल्या पागेत आणण्यासाठी वज्रबाहूने पूर्वी किती निरोप धाडले होते! "वेतन काय घेशील?"

"हे कुरण. मी आपल्या पागेत राबेन तोवर शाकलची गुरे इथे चरू द्यावीत."

वज्रबाहूने शब्द दिला. सुदांताने घर सोडले. रेवाने चार भांडी बांधली. निघताना तो पागेत गेला आणि केतकीचा पाय कसा जपायचा ते कलिंदाला समजावून आला. कलिंद रडत होता. सुदांत मात्र मागे वळला नाही, कारण वळला असता तर पाऊल उचलले नसते.

वज्रबाहूच्या पागेत घोडे माणूस दिसताच भिंतीला चिकटत. शर्यत जिंकलेल्या काळ्या घोड्याची जीभ काटेरी लगामाने फाटली होती. सुदांत तिथेही आधी नुसता बसला. ऋतू गेले. मग एके सकाळी काळ्याने मान लांबवून त्याचा खांदा हुंगला.

पुढच्या उत्सवाच्या दिवशी वज्रबाहू स्वतः काळ्यावर बसणार होता. साधा लगाम पाहून तो भडकला. "काटे कुठे आहेत? आण ते!"

सुदांताने काटेरी लगाम आणून त्याच्या हातात ठेवला. म्हणाला, "महाराज, आपण त्याला भिता, म्हणून हे हवे. तोही आपल्याला भितो. दोघेही भ्यालेले असले तर एकमेकांना सांभाळणार कोण?"

वज्रबाहूला आजवर कोणी भित्रा म्हटले नव्हते. त्याने लगामावरून बोट फिरवले. काट्याने बोटातून रक्त आले. त्याने ते पाहिले, मग घोड्याच्या तोंडाकडे पाहिले आणि लगाम खाली टाकला.

त्या दिवशी काळा असा धावला, की वज्रबाहू उतरला तो त्याच्या मानेला मिठी मारूनच. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "कुरण शाकलचे. कायमचे. आणि सुदांता, तू मोकळा."

ही वार्ता ऐकून जयकेतू स्वतः रथातून आला. सोबत कलिंद होता आणि मागून, स्वाराविना, केतकी चालत होती. राजा काही बोलण्याआधीच सुदांत खाली वाकला आणि तिच्या डाव्या पायावर हात ठेवला. शीर नदीतल्या दगडासारखी थंड होती.

"त्या दिवशी मी तुला तोलायला सांगितले," जयकेतू म्हणाला, "आणि पारड्यात तू स्वतः बसलास. घरी चल."

"येईन, महाराज. पण इथली दोन शिंगरे अजून माझा हात पाहून दचकतात. ती दचकायची थांबली, की निघतो."

राजाने मान हलवली. मग रथ परत न्यायला सांगून तो तिथेच गवतावर बसला. म्हणाला, "मग मीही थांबतो. कसे बसायचे, ते मला दाखव."

ही पूर्वकथा जेतवनात भिक्षूंना सांगून झाल्यावर शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धांनी, तिची सांगड घातली: "भिक्षूंनो, त्या वेळचा जयकेतू राजा हा आपला आनंद. तापट वज्रबाहू म्हणजे आज सर्वांपुढे शांत बसलेला अंगुलिमाल. कलिंद हा राहुल, आणि रेवा ही राहुलाची माता. गृहत्यागाच्या रात्री मला पाठीवर घेऊन जो राज्याची सीमा ओलांडून गेला, तो माझा घोडा कंथक तेव्हा केतकी होऊन जन्मला होता. सुदांत अश्वशिक्षक मीच होतो. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या वतीने नाही म्हणावे, आणि त्या नकाराची किंमत दुसऱ्यावर न टाकता आपण भरावी, यालाच करुणा म्हणतात."