बदललेली तूर

"मग माझे साधू तुला कशाला हवेत?" मठाच्या बाबांनी विचारलं.

डॉक्टर मृदुला ढोमणे सावरून बसली. जनुक बदलून तिनं तुरीचं नवं वाण घडवलं होतं, अळीला दाद न देणारं. बारा वर्षं त्यात गेली. उंदीर झाले, बकऱ्या झाल्या. आता माणसांना खाऊ घालून बघायचं होतं.

"गावातली माणसं टिकत नाहीत, बाबाजी. आज माझं वरण खातात, उद्या कुणाच्या लग्नात जेवून येतात. तुमचे अठरा साधू वाढलं ते मुकाट खातात. असा गट मला दुसरीकडे मिळायचा नाही. आणि सगळं कायद्यानं होईल. प्रत्येकाची लेखी संमती घेईन." तिनं संमतीचे अठरा कागद त्यांच्यापुढे मांडले.

"संमती..."

बाबा उठले. अंगणातल्या कडुनिंबाचा मूठभर पाला ओरबाडला आणि ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या आत्मारामबुवांच्या हातावर ठेवला.

बुवांनी काही विचारलं नाही. पाला चावला, गिळला. डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी हात पुन्हा पुढे केला.

बाबांनी तो हात हलकेच मिटवला.

"झोळीत पडेल ते खायचं, असं व्रत आहे यांचं. यांना नको म्हणता येत नाही, माय. यांच्या सहीचं तू काय करशील?"

मृदुलाचे कान तापले.

"मी काही विष आणलेलं नाही! सहा महिने मी स्वतः हे वरण खाल्लंय. दोन्ही वेळा."

"कुणासोबत?"

"एकटीच. क्वार्टरवर."

"कुणी अडवलं नाही?"

वरण सुरू केल्यावर पहिले आठ दिवस तिनं रात्री दाराला कडी लावली नव्हती. काही झालंच, तर कुणाला आत येता यावं म्हणून. आठ दिवसांत ते दार कुणी ढकललं नव्हतं. नवव्या दिवशी तिनं कडी लावली आणि वहीत लिहिलं, त्रास नाही.

"घरी कुणी नसतं," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

बाबांनी ते अठरा कागद गोळा केले, नीट जुळवले आणि तिच्या मांडीवर ठेवले.

"जा, माय. तुला 'नको खाऊस' म्हणणारं आधी कुणी शोध."