स्वरसम्राटाची दवंडी

सोनकुंडच्या हिंदुराव महाराजांनी हुकूम काढला. राज्यात ज्याच्या घरी लॅपटॉप असेल त्याने दर महिन्याला पैसे भरून त्यात 'स्वरसम्राट' घालून घ्यावा. जो घालणार नाही त्याचा लॅपटॉप सरकारजमा!

स्वरसम्राट म्हणजे लॅपटॉपचा आवाज सुधारण्याची करामत. मेघश्यामशेठ नावाचा व्यापारी ती विकायला दरबारात आला होता. महाराजांच्या लॅपटॉपवर त्याने एक ठुमरी आधी साधी वाजवली, मग स्वरसम्राट चालू करून वाजवली. दुसऱ्या वेळी महाराज गादीवरून अर्धे उठले.

"फरक कळला का, दिवाणजी?"

दिवाणजींना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं आणि उजव्याचा भरवसा नव्हता. पण महाराज उठलेले त्यांना दिसले होते. "सरकार, मला तबल्यावरची शाई ऐकू आली."

"गाणाऱ्या बाईंनी पान खाल्लंय तेही कळतंय," सेनापती म्हणाले. "मघई आहे."

झालं. हुकूम तिथल्या तिथे लिहिला गेला. तो गावोगाव सांगायचा कोणी, तर दाराशी उभं राहून सगळं ऐकणाऱ्या गोजराने. हलगी वाजवून सरकारी दवंडी देणं हे तिचं काम. तिची मुलगी नर्सिंगचा अभ्यास जुन्या, दुसऱ्याकडून घेतलेल्या लॅपटॉपवर करत होती, आणि त्याचेच हप्ते अजून फिटायचे होते. हुकूम हातात घेऊन गोजरा जागची हलली नाही.

"काय गं, पाय चिकटले का?" महाराजांनी विचारलं.

"महाराज, लोक विचारतील, पैसे भरून मिळतं काय? मी काय सांगू?"

"आवाजाला खोली येते," मेघश्यामशेठ पुढे सरसावला. "विस्तार येतो. चौफेरपणा येतो."

"मला तर दुसऱ्या वेळी गाणं नुसतं मोठं वाजल्यासारखं वाटलं," गोजरा म्हणाली.

सेनापतींनी खोकून घेतलं. महाराजांचा चेहरा तांबडा होत गेला. आपण पसंत केलेल्या वस्तूला कोणी नावं ठेवलेली त्यांना आजवर खपली नव्हती.

"एवढ्या जाणकारांना कळलं ते खोटं, आणि तुझं खरं? मग उद्या याच दरबारात ते सिद्ध कर. पण लॅपटॉपला हात लावायचा नाही. शेठच्या मालाविरुद्ध एक शब्द काढायचा नाही. जमलं नाही तर हलगी इथे ठेवायची आणि राज्याबाहेर चालू लागायचं."

गोजरा घरी गेली. मुलीने ताट वाढलं, पण तिने ते बाजूला सारलं. "आई, बोललीस कशाला?" मुलगी म्हणाली. "आयुष्यभर मोठ्याने बोलूनच पोट भरलं ना गं," गोजरा म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. मग तिने ताट पुढे ओढलं आणि पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात आली ती हात जोडूनच. "महाराज, आधी माझी एक अर्जी आहे. मी दवंडीची नवी पद्धत शिकले. तिला पगार जास्त पडेल. जुनी आणि नवी दोन्ही ऐकवते. आपण सांगाल ती पुढे चालू ठेवते."

"ही काय वेळ आहे?" महाराज कुरकुरले. "बरं, ऐकव."

गोजराने बोटांच्या टोकांनी हलगी वाजवली आणि पुटपुटल्यासारखं म्हणाली, "ऐका हो ऐका. तळ्याचं पाणी सुटणार, गुरं लांब बांधा."

मग ती सरळ उभी राहिली. हलगीवर काडी पडली आणि तिचा आवाज छतापर्यंत गेला. "ऐका हो ऐका! तळ्याचं पाणी सुटणार, गुरं लांब बांधा!"

महाराज मान डोलावू लागले. ते पाहून दिवाणजी म्हणाले, "दुसरीत पाण्याचा ओलावा आहे."

"मला तर गुरं दिसली," सेनापती म्हणाले.

गोजरा मेघश्यामशेठकडे वळली. "शेठ, आवाजातले खरे जाणकार तुम्ही. तुमचं काय मत?"

शेठ सुखावला. "दुसरीच सरस. खोली आहे, विस्तार आहे. चौफेरपणा तर विचारूच नका."

"ठरलं तर," महाराज म्हणाले. "दुसरीच चालू ठेव. पण नवी पद्धत म्हणजे केलंस काय?"

"तोंड जास्त उघडलं, महाराज."

कोणी हसलं नाही. हसायचं की नाही ते अजून ठरलं नव्हतं. महाराज मात्र शेठकडे बघत राहिले. "शेठ, काल पहिल्या वेळी तुम्ही आवाज किती ठेवला होता?"

शेठ उपरण्याने कपाळ टिपू लागला.

"आता दोन्ही सारख्या आवाजावर वाजवा. कोणती कुठली, ते सांगू नका."

ठुमरी वाजली. पुन्हा वाजली. महाराजांनी डोळे मिटून दोन्ही ऐकल्या.

"दिवाणजी, पैसेवाली कोणती?"

दिवाणजींनी महाराजांच्या तोंडाकडे पाहिलं, पण तिथे काहीच वाचता येईना. "सरकार म्हणतील ती," ते म्हणाले.

महाराजांच्या ओठाचा कोपरा हलला. पण हट्ट लगेच सुटतो थोडाच? "गोजरा, तू हात लावला नाहीस, मालाविरुद्ध बोललीही नाहीस. ते मान्य. पण मला अजून थोडा फरक वाटतोय. तो तबला दुसरीत जरा गोड लागतो. ती पैसेवाली निघाली, तर स्वरसम्राट विकत घ्यावा की नाही? सरळ सांग."

"खुशाल घ्या, महाराज," गोजरा म्हणाली. "कान आपले, तिजोरी आपली. हुकूमही फक्त आपल्या कानांपुरता आणि तिजोरीपुरता ठेवा."

महाराज असे हसले की फेटा सैल झाला. मग दिवाणजी हसले, सेनापती हसले, आणि नाइलाजाने मेघश्यामशेठही हसला.

महाराजांनी हुकूम फाडला. गोजराचा पगार दुप्पट केला आणि गावोगाव फिरायला तिला नवी कोरी स्कूटर दिली.