झाकणाच्या आतली खूण

कृष्णाकाठच्या एका बाजारगावात मुरलीधर ओतारी नावाचा घड्याळजी होता. हात असा कसबी, की बंद पडलेलं घड्याळ त्याच्या दुकानाची पायरी चढलं की निम्मं भीतीनंच चालू होतं, असं लोक म्हणत. लोक काहीही म्हणतात. पण मुरलीधरअण्णाला ते खरं वाटे, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते.

घड्याळजींची एक जुनी रीत आहे. दुरुस्ती झाली की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपली खूण आणि तारीख कोरायची. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढच्या घड्याळजीला मात्र कळतं, कुणाचा हात कधी लागला ते. अण्णाची खूण होती 'मु.ओ.'. "मु.ओ. कोरलं की विषय संपला," असं तो चहा पिता पिता सांगायचा, आणि चहा बराच प्यायचा.

एके सकाळी शालन दुकानात आली. पन्नाशी ओलांडलेली, हिंदुराव मास्तरांची थोरली लेक. रुमालाची गाठ सोडून तिनं एक मनगटी घड्याळ काचेवर ठेवलं. स्टीलचं, चावीचं. काच ओरखड्यांनी धुरकटलेली, तबकडी सायीसारखी पिवळट, एका बाजूला पोचा, आणि कडेच्या खाचेत पांढरी फक्की घट्ट बसलेली. मैदानावर खो-खोच्या रेघा मारतात ती फक्की.

"अण्णा, हे नवंकोरं करून द्या," शालन म्हणाली. "पुढल्या आयतवारी दादांचं सहस्रचंद्रदर्शन हाय. एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळणार. तवा त्यांच्या हातात घालायचंय. आतनं-भाईरनं सगळं पॉलिश करा. जुनं काय दिसायलाच नको त्यास्नी."

जुनं म्हणजे काय, हे अण्णाला सांगावं लागलं नाही.

पस्तीस वर्षांपूर्वी हिंदुराव मास्तर पंचक्रोशीतले पहिल्या नंबरचे खो-खोचे पंच होते. त्यांची शिट्टी वाजली की वाद मिटे. मग एका दत्तजयंतीच्या जत्रेत मानाच्या ढालीचा सामना लागला, आणि त्यात एक संघ होता शालनच्या सासरगावचा. तिच्या लग्नाला तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. शेवटचा डाव नऊ मिनिटांचा. सासरगावाला जिंकायला एकच गडी बाद करायचा उरला होता. नऊ मिनिटं भरली, पण मास्तरांची शिट्टी वाजली नाही. ती वाजली दहाव्या मिनिटाला. मधल्या मिनिटात तो गडी बाद झाला आणि ढाल सासरगावाला गेली. बघणाऱ्यांच्या हातातही घड्याळं होतीच. "लेकीच्या सासरला मिनिट आंदण दिलं!" अशी बोंब उठली.

"माझ्या घड्याळात नऊच झाली होती," एवढंच मास्तर म्हणाले.

मग लोक शहानिशा करायला अण्णाच्या दुकानात आले, कारण चारच दिवसांपूर्वी ते घड्याळ त्याच्याकडून दुरुस्त होऊन गेलं होतं. अण्णा तेव्हा सत्तावीस वर्षांचा. दुकान नवं, मान ताठ. तो म्हणाला, "माझ्या हातनं गेलेलं घड्याळ चुकत नसतं. खोट माणसात बघा."

झालं. मास्तरांनी शिट्टी कायमची ठेवून दिली. पंचानं घड्याळाच्या आड लपू नये म्हणून घड्याळाचा विषयही पुन्हा काढला नाही. मैदानाच्या वाटेनं जायचं सोडून ते लांबच्या वाटेनं शाळेत जाऊ लागले.

"त्या दिसापासनं हे ट्रंकेतनं भाईर आलं न्हाई," शालन म्हणाली. डोळ्याला पदर लावला आणि गेली.

अण्णानं घड्याळ उघडलं. झाकण पालथं ठेवलं, काटे काढले, तबकडी काढली. बाकावर दोघंतिघं चहाला टेकले होते. डोळ्याला भिंग लावून आत बघताच अण्णा गरजला, "अरारारा! हे काम घड्याळजीचं न्हवं, नालबंदाचं!"

मिनिटकाटा ज्या बारीक नळीवर बसतो ती झिजली होती. नवी घालायची सोडून कुणीतरी तीच पकडीत धरून चिमटली होती. अशी नळी चार दिवस काट्याला धरून ठेवते. पुढं एखादा जोराचा हिसका बसला की काटा मागं घसरतो.

"ज्यानं हे केलंय त्याला घड्याळं सोडून घोडी बघायला लावा," अण्णा म्हणाला. बाकावरचे हसले. अण्णाही हसला. हसत हसतच त्यानं पॉलिशचं चाक सुरू केलं आणि झाकण हातात घेतलं.

आत तीन खुणा होत्या. दोन जुन्या, अनोळखी. तिसरी सगळ्यांत शेवटची. मु.ओ., १९-१२-८८. तिच्यानंतर एकही नाही. असणार कुठून? ट्रंकेत काही घड्याळजी बसत नाही.

अण्णाचं हसू जिथल्या तिथं थांबलं. जत्रेची घाई त्याला आठवली. समोर चाळीस घड्याळं, आणि नवी नळी कोल्हापुराहून यायला आठ दिवस. 'जत्रेपुरतं धरंल' असं मनाशी म्हणून त्यानंच पकड उचलली होती. पुढच्या घड्याळाला हात घातला आणि तो ते विसरूनही गेला. चुकीचं असंच असतं. करणारा विसरतो, भोगणारा विसरत नाही.

चाक फिरत होतं. अण्णाच्या मनातला वकील उठून उभा राहिला. गिऱ्हाइकानंच सांगितलंय की आतनं-भाईरनं पॉलिश करा. तू सांगितलेलं काम करतोयस. नवी नळी घाल, एक हात फिरव, मु.ओ. नाहीसं होईल. म्हातारा खूश, लेक खूश. कुणाचं काय बिघडलं? वकिलाचा मुद्दा बिनतोड होता. झाकण चाकापासून बोटभर अंतरावर आलं.

पण अण्णा गर्विष्ठ असला तरी हाडाचा घड्याळजी होता, आणि घड्याळजीला खात्री केल्याशिवाय चैन पडत नाही. आधी खात्री, मग पॉलिश, असं त्यानं ठरवलं आणि चाक बंद केलं. दोन दिवस खपून यंत्र धुतलं, तेल दिलं, नळी मात्र जुनीच ठेवली. तिसऱ्या दिवशी घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवलं, मनगटावर बांधलं आणि दुकानामागच्या मोकळ्या जागेत तो पंचासारखा पळू लागला. पळायचं, वळायचं, झटक्यात हात वर करायचा. वय बासष्ट. बाकावरच्यांचा चहा निवून गेला, पण त्यांची नजर हलेना.

नऊ मिनिटांनी तो धापा टाकत आत आला आणि भिंतीकडं पाहिलं. हातातला मिनिटकाटा एक मिनिट मागं होता.

अण्णानं घड्याळ मनगटावरून सोडून समोर ठेवलं. मास्तरांना नऊच दिसली होती. ते खरं बोलले होते, आणि त्यांना खोटं ठरवणारं एक वाक्य याच दुकानातून गेलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून. मग तो कामाला लागला. आता काय करायचं आणि काय नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

शनिवारी शालन आली. घड्याळ बघून तिचा चेहराच उतरला. काच तेवढी नवी. पोचा तसाच, तबकडी पिवळीच, खाचेतली फक्कीसुद्धा जागच्या जागी.

"अण्णा, हे काय? नवं करा म्हटलं होतं की मी!"

"ताई, बिघडलं होतं ते नवं केलं. नुसतं जुनं होतं ते ऱ्हाऊ दिलं. आणि हे..." त्यानं झाकण उघडून तिच्यासमोर धरलं, "हे पुसायचा मला हक्क न्हाई." त्यानं सगळं सांगितलं. जुनी नळी कागदाच्या पुडीत बांधून ठेवली होती, तीही दाखवली.

शालन म्हणाली, "माझ्यापायी दादांचं नाव गेलं, असं धरून चालले मी. पस्तीस वर्सं सणाला माहेरी आले, पर त्यांच्या डोळ्याला डोळा दिला न्हाई." आणि मग तिचा आवाज चढला. "मला एकटीला सांगून सुटू नका, अण्णा. तवा चारचौघांत बोलला होता. आता बी चारचौघांत बोला."

"म्हणून तर झाकण अजून घट्ट बसवलं न्हाई," अण्णा म्हणाला.

बाकावरच्या एकानं हळूच सुचवलं, "अण्णा, धंद्याचा इचार करा." अण्णानं त्याच्याकडं असं बघितलं की तो मुकाट्यानं उठून गेला.

रविवारी मास्तरांच्या अंगणात सगळं गाव लोटलं. शालननं वडिलांना एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. जुने खेळाडू आले होते, आता सगळे पिकल्या केसांचे. सासरगावचे होते, हरलेल्या संघाचेही होते. ओवाळणं झालं आणि अण्णा पुढं आला.

"पस्तीस वर्षांपूर्वी मी म्हणालो होतो, खोट माणसात बघा," तो म्हणाला. "खोट माणसातच होती. फक्त तो माणूस मी होतो."

त्यानं नळीची गोष्ट सांगितली. झाकण उघडलं, आपलं भिंग मास्तरांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "मास्तर, वाचा."

मास्तरांनी भिंग डोळ्याला लावलं. सावकाश, मोठ्यानं वाचलं, "मु.ओ. एकोणीस, बारा, अठ्ठ्याऐंशी."

मास्तरांनी भिंग अण्णाला परत दिलं. मग म्हणाले, "लोकांचं मला काही नव्हतं. पण माझं मलाच कळत नव्हतं. नऊ मी डोळ्यांनी बघितली, की लेकीचं सासर मनात होतं म्हणून दिसली? रोज विचारायचो स्वतःला." त्यांनी शालनकडं पाहिलं. या खेपेला तिनं नजर चुकवली नाही. दोघंही रडत होती आणि दोघांनाही त्याची लाज वाटत नव्हती.

मग मास्तर काठी टेकून उभे राहिले. उजवा हात पंचासारखा झटक्यात वर गेला.

"मुरलीधर ओतारी, बाद!"

लोक चपापले. अण्णानं मान खाली घातली.

तोच मास्तरांनी डावं मनगट त्याच्यापुढं धरलं. "बाद झालेला गडी बाजूला बसतो, गाव सोडून जात नाही. हं, बांध घड्याळ."

अण्णानं घड्याळ बांधलं. मास्तरांनी कडेच्या खाचेवरून नख फिरवलं, बोटाला लागलेली पांढरी फक्की बघितली आणि म्हणाले, "ही ठेवलीस ते बरं केलंस." मग त्यांनी चावी दिली, घड्याळ कानाशी नेलं, थोडा वेळ ऐकलं आणि शालनला विचारलं, "शाले, यंदाची दत्तजयंती कधी आहे गं?"

तात्पर्य: बिघाड दुरुस्त करावा, पण आपल्या हातच्या चुकीची खूण पुसू नये, कारण आपण झाकून ठेवलेल्या चुकीची शिक्षा दुसराच कुणी भोगत असतो.