गेनबाने पान सुरक्षित केलं

एका गावात एक भोळा दीर होता. नाव गेनबा. इतका भोळा, की फोनवर कुणी ‘धरा जरा’ म्हणालं तर दोन्ही हातांनी फोन घट्ट धरून बसायचा.

त्याची वहिनी सुलोचना घरच्या दुकानात मसाला करून विकायची. त्या दिवशी शहरातले मोठे किराणावाले गुगळेशेठ येणार होते. मसाला पसंत पडला की दिवाळीची सगळी ऑर्डर वहिनीला. नाहीतर भट्टी थंड. शेठ आधी दुकानाची वेबसाइट बघणार म्हणून वहिनीने गेनबाला ती उघडायला लावली.

उघडली तर वर लिहिलेलं, ‘या पानावर मिश्र मजकूर आहे. पान पूर्ण सुरक्षित नाही.’

गेनबाला घाम फुटला. वेबसाइट बनवून देणाऱ्या, तालुक्याला राहणाऱ्या रेश्माताईंना त्याने फोन लावला.

“घाबरू नका हो,” ताई म्हणाल्या. “पान नव्या, सुरक्षित वाटेनं येतंय. त्यावरचे फोटो मात्र अजून जुन्या वाटेनं येतायत. म्हणून ब्राउझर बोंबलतोय. दुपारपर्यंत मी वाट बदलते. तोवर जुन्या वाटेनं येईल ते आत घेऊ नका!”

गेनबा काठी घेऊन दारात बसला. मिरच्या भाजायला बायका आल्या.

“कुठल्या वाटेनं आलात?”

“ओढ्याकडच्या जुन्या वाटेनं. रोजच्याच की!”

“मग माघारी फिरा. सडकेनं या.”

बायका पदर डोक्यावर घेऊन, शिव्या घालत, गावाला वळसा घालून आल्या. वहिनी भडकली. “अहो भावजी, डोकं गहाण टाकलंय का? वाट कसली विचारता? ओळखीचं दिसलं की सरळ आत सोडायचं!”

“बरं,” गेनबा म्हणाला.

थोड्या वेळाने शेजारच्या नामदेवअण्णांची शेळी आली. गेनबाने तिला नीट न्याहाळलं. शेळी ओळखीची निघाली. त्याने अदबीने दार उघडलं.

शेळीने आधी धणे चाखले. मग मिरचीत बसली. मग खोबरं उधळलं आणि सगळ्यावरून दोनदा फिरून आली. वहिनीने कपाळावर हात मारला. “सगळा काला झाला! एकूण एक निवडून वेगळं करा! शेठच्या पुढ्यात मिसळलेलं काही आलं ना, तर याद राखा!”

“बरं,” गेनबा म्हणाला.

तो बसला निवडायला. धणे वेगळे, मिरची वेगळी, खोबरं वेगळं. शेवटी शेठसाठी काढून ठेवलेला तयार मसाल्याचा डबा दिसला. गेनबा हादरला. ह्यात तर बावीस जिन्नस मिसळलेले! निवडता काही येईना. शेवटी त्याने डबा उकिरड्यावर रिकामा केला. आई गं!

तेवढ्यात शेठ आले. “पान बघून आलोय वहिनी, फोटो झकास! आता मसाला दाखवा. आणि चहा होऊ द्या.”

गेनबाने ताट आणलं. एका वाटीत मिरची, एकीत धणे, एकीत खोबरं. शेजारी चहा पावडर, साखर, दूध आणि गरम पाणी.

शेठ म्हणाले, “हे काय?”

“मसाला आणि चहा. सुरक्षित करून आणलाय.”

शेठनी मिरची चाखली आणि त्यांना जो ठसका लागला तो थांबेचना. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभराची मेहनत मातीत! ती ओरडली, “भावजी, धन्य आहे तुमची! आता लावा दुकानाला कुलूप!”

“बरं,” म्हणून गेनबा बाहेर गेला.

ठसका ओसरला, तसे शेठ पोट धरून हसायला लागले. “वहिनी, रडू नका. एवढी अस्सल मिरची कितीक वर्षांनी लागली जिभेला. दिवाळीची ऑर्डर तुमची! चला, गाडीतून आगाऊ पैसे काढून देतो.”

वहिनीने डोळे पुसले. हसत दार ओढलं. दार हलेना. तिने खिडकीतून पाहिलं, तर गेनबा किल्ली खिशात घालून तालुक्याच्या एसटीत चढत होता.

“अहो भावजी, आम्ही आत आहोत!”

गेनबाने पायरीवरूनच हात हलवला.

“काळजी करू नका वहिनी, आता तुम्ही पूर्ण सुरक्षित आहात!”