गवराईची पाटी

ओढ्यावर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. ओढ्याच्या अलीकडे वरवाडी आणि पलीकडे खालवाडी. दोन्ही वाड्यांचा देव एकच, खंडोबा. जत्रेला दोन्हीकडून मानाच्या काठ्या निघायच्या. उंचच उंच वेळू, त्याला पागोटी गुंडाळलेली, टोकाला मोरपिसांचा झुपका. कुणाची काठी आधी देवळाची पायरी चढणार, यावरून दरसाल बाचाबाची व्हायची, आणि दरसाल म्हातारी माणसं मध्ये पडून ती मिटवायची. एका साली ती मिटली नाही.

वरवाडीत गवरा बुरडीण राहत होती. पाट्या, सुपं, दुरड्या विणून ती पोट भरायची. नवरा लवकर गेलेला. एकच मुलगा, म्हादू. त्याचा जिवाभावाचा सोबती म्हणजे हैबती. दोघं एका ताटात जेवलेले, एका ओढ्यात पोहायला शिकलेले. त्या साली काठी धरायला दोघं शेजारी शेजारी उभे होते.

काठ्या एकमेकींवर आदळल्या. खालवाडीच्या येसबानं दांडका उचलला. येसबाही विशीतलाच पोर, रागानं आंधळा झालेला. दांडका म्हादूच्या डोक्यात बसला. म्हादू खाली पडला तो उठलाच नाही. येसबा हातातलं टाकून डोंगरात पळाला. आणि हैबतीही पळाला, देवळामागच्या करवंदीच्या जाळीत. म्हादूनं पडताना त्याला हाक मारली होती, ती त्याला ऐकू आली होती, तरी तो पळाला. गर्दीत हे कुणी पाहिलं नाही. पण न पाहिलेली गोष्ट माणसाला जास्त खाते, असं म्हणतात.

म्हादूला पोचवून लोक परत आले, तशी वरवाडीची पोरं पारावर जमली. मध्ये भंडाऱ्याची वाटी ठेवली. दिवसकार्य झालं की ओढा ओलांडायचा आणि येसबाच्या घरावर चालून जायचं, असं ठरलं. बेलभंडारा उचलून पहिली शपथ घेतली हैबतीनं. त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. लोक म्हणाले, "मैत्र असावं तर असं." ते ऐकून हैबतीची मान खाली गेली, आणि लोकांना वाटलं, पोराला दुःख आवरत नाही.

पारावर कोयत्यांना धार लागू लागली. आयाबहिणी पोरांना भाकऱ्या आणून देत होत्या. "गवराच्या लेकासाठी झटतायत बिचारे," म्हणत वाढत होत्या. हैबती दोन्ही वेळा पोटभर जेवला.

तिसऱ्या दिवशी सावडायला सगळे ओढ्याकाठी गेले. गवरा राखेचं मडकं उचलायला वाकली आणि तिथंच कोसळली. एका म्हातारीनं तिच्या तोंडावर पाणी मारलं, डोकं मांडीवर घेतलं.

"गवरे, पोटात काही आहे का गं?"

"नाही, मावशी."

"कालपासून?"

"त्याला नेलं तेव्हापासून. सुतकात चूल पेटवायची नसते ना. कुणीतरी आणील म्हणून दारात बसले होते."

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारच्यांनी भाकरी-पिठलं न्यायचं, सोबत कडुलिंबाचा पाला न्यायचा, आणि त्या माणसांना समोर बसवून जेवू घालायचं. त्याला कडू घास म्हणतात. वैऱ्याच्या घरचाही कडू घास कुणी चुकवत नाही. आणि वरवाडीनं आपल्याच गवराचा चुकवला होता.

"अगं, मला वाटलं पाटलांकडून गेला."

"आमच्याकडून? आम्ही म्हटलं, हैबतीची आई नेईल. पोरं एकत्र वाढलेली."

हैबतीच्या आईनं पदर तोंडाला लावला. "मी भाकऱ्या केल्या होत्या गं. टोपलंभर केल्या होत्या. त्या पारावर गेल्या."

मग कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना. ओढ्याकाठी सगळी वाडी उभी होती आणि प्रत्येक जण आपल्या पायांकडे बघत होता. म्हादूचं नाव घेऊन तीन दिवस वाडी गर्जत होती, आणि म्हादूची आई उपाशी होती. त्या दिवशी वरवाडीच्या झाडांनीही सावली आवरून घेतली, असं म्हणतात.

दुपारपर्यंत गवराच्या दारात रांग लागली. भाकऱ्यांच्या चवडी, पिठल्याची गाडगी, कडुलिंबाच्या डहाळ्या. गवरानं एक घास खाल्ला, घोटभर पाणी घेतलं, आणि उठून आपल्या हातची सगळ्यांत मोठी पाटी काढली. तीत तिनं ते सगळं रचलं. पार हाकेच्या अंतरावर होता.

"हैबती, इकडं ये रे."

हैबती आला. कमरेला कोयता होता.

"ही पाटी डोक्यावर घे. खालवाडीला जायचंय."

"खालवाडीला? काकी, डोकं फिरलं का तुझं? कुणासाठी?"

"येसबाच्या आईसाठी. पोर डोंगरात पळालंय. वाडीनं तिला वाळीत टाकलं असणार. तिच्याही दारात कुणी गेलं नसेल."

"मरू दे की तिला!"

गवरा म्हणाली, "उपाशी बसून दाराकडं बघणं कसं असतं, ते मला आज सकाळपर्यंत ठाऊक झालंय. तुला ठाऊक नाही. पाटी घे. आणि दोन्ही हातांनी धर, पिठलं सांडेल. तो कोयता ठेव इथं, चालताना पायाला लागेल."

हैबतीला नाही म्हणता आलं नाही. जो मनातून ज्या घराचा चोर असतो, त्याला त्या घरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. गवरा पुढं आणि तो मागं, असे दोघं ओढ्यात उतरले. चैत्राचं ऊन डोक्यावर होतं, वाळू लाह्या फुटाव्या अशी तापली होती. पण त्या दोघांच्या पायाखाली वाळू गार लागली, असं म्हणतात.

पलीकडच्या काठावर खालवाडीची माणसं काठ्या घेऊन उभी होती.

"कोण ते? मरायला आलात का?"

"वाढायला आलेय," गवरा म्हणाली. "वाट सोडा, पिठलं निवतंय."

एक जण म्हणाला, "ही तर त्या पोराची आई." आणि काठ्या आपोआप खाली झाल्या.

येसबाच्या आईचं नाव तानू. तिच्या घराचं दार बंद होतं, उंबऱ्यावर धूळ साचली होती. गवरानं कडी वाजवली. आतून हालचाल नाही.

"तानू, दार उघड. मी म्हादूची आई."

दार उघडलं. तानूनं तिला बघितलं आणि तिच्या पायांवर पडली. "माफ कर गं बाई, माझ्या पोरानं..."

"ऊठ. माफी मागू नकोस," गवरा म्हणाली. "माफी माझ्याकडं नाही, देऊ कुठून? भाकरी आहे. ती खा."

तानू भिंतीला टेकून बसली. गवरानं हैबतीच्या डोक्यावरच्या पाटीतून भाकरी काढली आणि मोडून तिच्या हातात दिली. दोन घास गेल्यावर तानूची नजर दाराकडं गेली. हैबती अजून पाटी डोक्यावर धरून उभा होता.

"हा तुझा कोण गं? दमला असेल पोर. बस रे बाळा."

ते 'बाळा' हैबतीला सोसलं नाही. दोन्ही हात पाटीला, डोळे पुसायलाही हात मोकळा नाही. तो तसाच म्हणाला, "मी म्हादूच्या शेजारी होतो. त्यानं मला हाक मारली. मी पळालो, काकी. जाळीत लपून बसलो."

गवराचा हात भाकरीवर थांबला.

"हाक मारली होती?" तिनं विचारलं.

"हो."

"काय म्हणाला?"

"नुसतं माझं नाव."

गवरानं तोंड भिंतीकडं केलं. किती वेळ ते कुणी सांगत नाही. मग ती उठली, त्याच्या डोक्यावरची पाटी उतरवली आणि अर्धी भाकरी त्याच्या पुढं धरली. वर कडुलिंबाचं पान ठेवलं. "खा. मग पारावर जा आणि पोरांना हेच सांग. भंडारा उचलताना जे बोललास ते नको. हे सांग."

त्या पाटीतलं अन्न त्या दिवशी सरलं नाही. बाहेर काठ्या घेऊन उभे असलेले एकेक जण आत आले, मान खाली घालून बसले, जेवले. गवरा वाढत राहिली आणि पाटीत हात घालील तेव्हा भाकरी होती, असं म्हणतात.

दिवस कलायच्या आत हैबती पारावर गेला. पोरं वाट बघत होती. त्यानं सांगितलं. एक जण उसळला. "पळपुट्या! आणि भंडारा पहिला तू उचललास?"

"म्हणूनच उचलला," हैबती म्हणाला. "तू कुठं होतास रे तेव्हा?"

तो पोरगा खाली बसला. मग पाराच्या कडेला बसलेला दुसरा हळूच म्हणाला, "मी देवळात होतो. दार लावून घेतलं होतं." तिसरा म्हणाला, "मी झाडावर." सांगता सांगता कळलं की म्हादूजवळ कुणीच थांबलं नव्हतं. भंडारा उचललेली सगळी पोरं त्या दिवशी पळालेली होती. अंधार पडायच्या आत कोयते ज्याच्या त्याच्या घरी गेले. भंडारा उचलून देवाला दिलेला शब्द मागं घ्यावा लागला, म्हणून सगळे देवळाच्या पायऱ्या कपाळ टेकत चढले.

तानूनं डोंगरात निरोप धाडला. येसबा आपल्या पायानं खाली आला, कचेरीत हजर झाला, आणि झालेली शिक्षा त्यानं भोगली. गवरानं त्याला माफ केलं की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. तो तुरुंगात असेपर्यंत तानूकडे सणाला ती पुरणपोळी धाडायची, एवढं ठाऊक आहे.

पुढं आसपासच्या कुठल्याही गावी कुणाचा असा घात झाला, की गवरा निघायची. तिथं पारावर सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारा पोरगा ती हेरायची आणि त्याच्याच डोक्यावर पाटी द्यायची. आधी मेलेल्याच्या घरी, मग मारणाऱ्याच्या. परत येताना ती पोरं तिच्या अंगणात टेकायची. कुणी पाटीसाठी वेळूच्या कांब्या सोलायचा, कुणी नुसता बसून राहायचा. कितीतरी पोरं तिच्या अंगणात बसून म्हातारी झाली, असं म्हणतात. लोक तिला गवराई म्हणू लागले. ती गेली त्या दिवशी दोन्ही वाड्यांतला वेळू फुलला. वेळू माणसाच्या आयुष्यात एखाददुसऱ्या वेळीच फुलतो.

आता ओढ्यावर पूल आहे. पण दोन्ही वाड्यांत असं मरण झालं, तर पारावर बैठक बसायच्या आधी गवराईची पाटी निघते. तरणा पोरगाच ती नेतो, अनवाणी, दोन्ही हात पाटीला लावून. उंबऱ्याशी थांबून, पाटी उतरवण्याआधी, गेलेल्या माणसासाठी आपण काय करायचं राहून गेलं ते त्यानं मोठ्यानं सांगायचं असतं. घरची बाई ते ऐकून घेते आणि मग पाटीला हात लावते.

आजवर इतक्या पाट्या गेल्या. पण उंबऱ्याशी उभं राहून "माझं काही राहिलं नाही" असं म्हणणारा पोरगा अजून एकही निघाला नाही.