तीन बाहेर, दोन आत

एका राज्यात तटाच्या भिंतीत वीज राहत असे, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. तटाबाहेर खारा समुद्र आणि मिठाची भुते. तटाच्या आत राखेची भुते. प्रत्येकाच्या हाती एकेक दिवा. वेशीवरचा रहाट एका फेऱ्यात तीन मीठभुते बाहेर फेकी आणि दोन राखभुते आत घेई. राखभुते भारी उनाड. फटींतून दिव्यासकट बाहेर सटकत, आणि आतल्या अंधाराने मागे खेचले तरच थांबत. असा आत अंधार, बाहेर उजेड, आणि मधल्या भिंतीत वीज ताणून उभी. शत्रूचे बोट लागले की ती तटभर धावे आणि नगर जागे होई.

रहाट मात्र दर फेऱ्याला गुळाचा एक खडा खाई.

निश्चल नावाचा मांत्रिक राजा वीरधवलाला म्हणाला, "महाराज, युद्ध नाही, शत्रू नाही. गूळ का नासता? रहाटाला विसावा द्या."

राजा भोळा, खरे सांगायचे तर बावळटच. त्याने रहाट थांबवला. मीठ आत झिरपले, राख बाहेर गेली, दोन्हीकडे सारखाच उजेड झाला. वीज मेली, आणि नगरात कुणाला काही जाणवेनासे झाले. राजाचा हात शेगडीत भाजत होता आणि राजा हसत होता.

राजकन्या शलाका तेवढी आजोळी होती. परत येऊन तिने हे पाहिले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिदोरीतला गूळ घेऊन ती रहाटापाशी गेली. मांत्रिक आडवा आला.

"राजाज्ञा आहे."

"असू दे."

तिने रहाट फिरवला. तीन गेले, दोन आले.

"मीठ पुन्हा शिरेल."

"शिरू दे. पुन्हा फेकीन."

"जन्मभर?"

"जन्मभर. बाजूला हो!"

वेशीवरची साळुंकी ओरडली, "राजकन्ये, आत काळोख दाटला! भिंत गुणगुणू लागली!"

मांत्रिकाने चिडून तटाचे दार लाथेने उघडले. मिठाची झुंड आत घुसली. त्याला वाटले, राजकन्येचे सारे मुसळ केरात गेले. पण ताणलेल्या विजेला तेवढेच हवे होते. ती तटभर धावली, मांत्रिकाला जाळून पुढे गेली, आणि महालातून राजाची किंकाळी आली. ती ऐकून शलाकेला आनंदाने रडू कोसळले. रडता रडता तिने दार लोटले आणि पुन्हा रहाट धरला.

राजा हाताला फडके गुंडाळून आला. "बाळ, शाप सुटला. आता तरी थांब."

"थांबणे हाच शाप होता, आबासाहेब. गूळ संपत आलाय, घेऊन या."

राजा कोठाराकडे निघाला.